तारेखाली पडलेले दोन पट्टकादंब

शिरड शहापूरच्या शिवारात सुमनबाईच्या रागाला सगळेच वचकून असतात. बांध कोरणारा शेजारी असो की रेशनच्या रांगेत मधेच घुसणारा पुढारी, ती पदर कमरेला खोचते आणि सुरू होते. तिचा नवरा भागवत म्हणतो, "हिच्या तोंडी लागण्यापेक्षा माणसानं आग्यामोहळाला दगड मारावा." अशी ही बाई गेल्या हिवाळ्यात अठरा दिवस तोंड मिटून राहिली. लोकांचा तिला कधी आला नसेल एवढा राग त्या अठरा दिवसांत तिला स्वतःचा आला.

तिचं रान गावाबाहेरच्या तलावाला लागून आहे. पाणी हटत जातं तसा गाळ उघडा पडतो, त्यात ती हरभरा पेरते. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं हातात गोफण दिली आणि पाखरं राखायला बसवलं. हाकलता हाकलताच तिला पाखरं ओळखू यायला लागली. दसऱ्याच्या आधी शेपटी हलवत धोबी येतो. मग ज्वारीवर भोरड्यांचे थवे कोसळतात. दिवाळी सरली की विटकरी रंगाची चक्रवाकं जोडीजोडीनं उतरतात. आणि थंडी नीट पडली की येतात राखाडी अंगाची मोठी बदकं, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली. ही शेवटची तिच्या हरभऱ्यावर चरायची. त्यांना शिव्या दिल्या नाहीत असा एक हिवाळा गेला नाही.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी बांधावर सलवार-कमीज घातलेली एक बाई दुर्बीण लावून उभी दिसली.

"कोण हाव तुमी? काहून फिरून राहिल्या माझ्या हरभऱ्यात?"

ती रेवती होती, हिंगोलीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी. तिनं हात जोडले, माफी मागितली आणि दुर्बीण सुमनबाईच्या डोळ्याला लावली. म्हणाली, "मावशी, हे पट्टकादंब. हिमालय ओलांडून येतात."

"हिमालयाच्या तिकडून? माझा हरभरा खायला?"

दोघी हसल्या, आणि ओळख झाली. पुढच्या वर्षापासून सुमनबाईनं पाण्यालगतच्या चार ओळींचा हरभरा त्या बदकांच्या नावानं सोडून दिला. भागवत कुरकुरला, पण आग्यामोहळ आठवून गप्प बसला.

नवरात्र संपलं की दर रविवारी हिंगोलीहून रेवतीच्या पक्षीमित्र मंडळाची दहा-पंधरा माणसं पाखरं बघायला यायची. पुढे सुमनबाई, मागे मंडळी. "वाकून चला. मोबाइल बंद करा. ती लाल ओढणी पिशवीत टाका, बाई." डॉक्टर, मास्तर, बँकेतले साहेब तिचं निमूट ऐकायचे. शाळा चौथीत सुटलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा शिकलेली माणसं काहीतरी विचारत होती आणि उत्तराची वाट बघत होती. रेवतीनं आपली जुनी दुर्बीण तिला देऊन टाकली होती. गेल्या हिवाळ्यात थवा उतरला त्या दिवशी सुमनबाईनं तीनदा मोजून रेवतीला फोन केला, "एकशे अडतीस!" एवढे कधीच आले नव्हते.

पुढच्याच रविवारी मंडळाचा नवा अध्यक्ष आला. अनिरुद्ध त्याचं नाव. अंगात हिरवे-मातकट कपडे, हातात कोपरापासून मनगटापर्यंत पोचेल एवढी लांब लेन्स. तलावावर धुकं होतं. थवा काठाच्या चिखलात माना पंखात खुपसून बसला होता.

"ही उडत का नाहीत?" अनिरुद्धनं विचारलं.

"उडायला काहून पायजे? थकून भागून आलेत, झोपू द्या की."

"बसलेले फोटो सगळ्यांकडं आहेत, मावशी."

त्यानं टाळ्या वाजवल्या. एक-दोन माना वर झाल्या आणि पुन्हा खाली गेल्या. तो पाय आपटत गाडीकडं गेला. सुमनबाईला वाटलं, कंटाळून निघाला. रेवती तिच्या शेजारीच होती. दोघींनी त्याला पूर्वेच्या बांधावर वाकलेला पाहिला, काडी ओढताना पाहिला. काय चाललंय ते कळेपर्यंत दिवाळीतून उरलेला सुतळी बॉम्ब फुटला होता.

सगळा तलाव एकदम उभा राहिल्यासारखा थवा उठला. एरवी ही पाखरं उठली की पूर्वेला मोकळ्या पाण्यावर जातात. आज आवाजच पूर्वेकडून आला होता. ती पश्चिमेला वळली, जिथं सुमनबाईच्या रानावरून विजेच्या तारा जातात. धुक्यात तार झणझणली. बांधावरच रोवलेल्या कॅमेऱ्यामागं अनिरुद्धचा खटखटाट मात्र चालूच होता.

सुमनबाई धावत गेली आणि तिनं त्याच्या कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी धरून हिसडली. "मुडद्या, तुझ्या लेकराच्या कानाशी फोडशील का रे असा? झोपल्या जिवावर?"

"ए बाई, हात काढ! किमतीची वस्तू आहे ही!"

मंडळी जमिनीकडं बघत उभी होती. रेवतीनं सुमनबाईचा दंड धरला. "मावशी, शांत व्हा. मी बोलते त्यांच्याशी."

पण रेवती त्याच्याकडं गेलीच नाही. अर्ध्या तासात गाड्या निघून गेल्या.

तारेखाली दोन पट्टकादंब पडले होते. एक गतप्राण. दुसऱ्याचा पंख खांद्यातून मोडून लोंबत होता, पण मान ताठ होती आणि तो सुमनबाईवर फिसकारत होता. तिनं त्याला लुगड्याच्या पदरात घेतलं, वाटीनं पाणी दाखवलं. दुपारी जेवणवेळेला त्याची मान तिच्या मांडीवर कलंडली.

तिनं रेवतीला फोन लावला. दोन्ही पाखरं मेल्याचं सांगितलं.

"मावशी, एक ऐकाल? हे कुणाला सांगू नका. वनखात्याला कळलं तर चौकशी लागेल. आपलं रविवारचं येणंच बंद होईल. अनिरुद्धसरांची ओळख वरपर्यंत आहे, तलावाला संरक्षण मिळवायचंय आपल्याला त्यांच्याकडून."

"ज्यानं मारलं, त्याच्याकडून?"

"माझ्यासाठी, मावशी."

दुसरं कुणी असतं तर सुमनबाईनं त्या फोनमधूनच त्याच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण ही रेवती होती. भागवतनं बांधाच्या कडेला खड्डा खोदला. तिनं दोघांना पुरलं आणि गप्प बसली. भाकरी थापताना हात जोरात पडायचा, काठवट वाजायची. भागवत विचारायचा, "काहून धुसफुसून राहिली?" ती म्हणायची, "काही न्हाई." तलावाकडं रोज जायची. थवा चार दिवस फिरकलाच नाही, मग थोडे थोडे परतले. सत्तरच्या पुढं आकडा जाईना.

अठराव्या दिवशी हिंगोलीच्या एका सभागृहात मंडळाचा कार्यक्रम होता. रेवतीचा फोन आला, "मावशी, तुमचा सत्कार ठेवलाय. नक्की या." सुमनबाई भागवतला घेऊन एसटीनं गेली. तिला पहिल्या रांगेत बसवलं. तिनं मान वर केली. मंचामागं भिंतभर फोटो होता: धुक्यातून उसळलेला थवा, पसरलेले पंख, वासलेल्या चोची. खाली लिहिलं होतं, 'हिवाळी पाहुण्यांची आनंदी भरारी. प्रथम पारितोषिक.'

तिला अक्षरं सावकाश लागतात. 'आनंदी' हा शब्द तिनं दोनदा वाचला.

शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, टाळ्या झाल्या. निवेदक तिला खुर्चीकडं वळवत होता. तिनं त्याच्या हातातला माइक काढून घेतला.

"मला बोलता येत न्हाई बराबर. पण ह्या फोटोतली पाखरं आनंदी हायेत असं ज्यानं लिहिलं, त्यानं उभं राहावं."

कुणीतरी हसलं. मग हसू थांबलं.

"तोंडं बघा त्यांची. वरडून राहिलेत ते. ह्या तुमच्या अध्यक्षानं त्यांच्याजवळ बॉम्ब फोडला. फोटो निघाला आन् दोन पाखरं तारेवर आपटून मेली. एक माझ्या मांडीवर मेलं. आमी शेतकरी पाखरं हाकलतो म्हणून तुमी दर साली आमाला उपदेश करता. आमी गोफण मारतो ती आमच्या दाण्यासाठी. तुमी काहून मारली?"

अनिरुद्ध उभा राहिला. चेहऱ्यावर समजूतदार हसू. "मावशींचा गैरसमज झालाय. पक्षी तारांवर आपटतात, दुर्दैवानं. बॉम्बचं म्हणाल तर, पुरावा आहे का कुणाकडं?"

सुमनबाईनं बोट केलं. "त्या मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या."

सगळ्या माना फिरल्या. रेवती हातातल्या कार्यक्रमपत्रिकेची घडी घालत होती. एक घडी, दुसरी घडी. सुमनबाईला वाटलं, आता ही बोलत नाही. तिनं शाल काढली, खुर्चीवर टाकली, नारळ त्यावर ठेवला आणि पायऱ्या उतरायला लागली. तेव्हा मागून बारीक आवाज आला.

"खरं आहे. मी पाहिलं. त्यांना गप्प बसायला मीच सांगितलं."

सुमनबाई थांबली नाही. भागवतला म्हणाली, "चला, गाडी चुकंल."

पुढं बातमी आली, गवगवा झाला. वनखात्याचा माणूस येऊन खड्डा उकरून गेला, जबाब लिहून गेला. पारितोषिक गुपचूप मागं घेतलं. अनिरुद्धनं मंडळ सोडलं, पण तो फोटो त्याच्या हपिसात मोठा करून लावलेला आहे असं म्हणतात. चौकशी अजून चालूच आहे.

महिन्याभरानं रेवती एकटी आली, गाडीविना, फाट्यापासून चालत. सुमनबाई हरभऱ्याला लागलेले घाटे बघत होती. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"मावशी, रागावलात अजून?"

"व्हय. अन् लई दिवस राहणार. तो मेला परका होता. तुमी काहून?"

रेवतीचे डोळे भरले. सुमनबाईनं ते पाहिलं आणि तरीही आवाज खाली आणला नाही. "रडू नका. रडायचं व्हतं तर त्या दिवशी यायचं व्हतं, खड्डा खोदायला. आता ऐका. रविवारी लोकं आणायची तर आणा. गाड्या फाट्यावर राहतील. कोण यायचं, कोण न्हाई ते मी ठरवीन. अन् कुणी नुसती टाळी वाजवली तरी मी त्याला पाण्यात ढकलीन, मग तुमचा अध्यक्ष असो का कलेक्टर."

"बरं," रेवती म्हणाली.

दोघी काठावर वाकून बसल्या आणि मोजायला लागल्या, एक एका टोकाकडून, दुसरी दुसऱ्या टोकाकडून. ब्याऐंशी भरले. रेवतीनं वही काढून आकडा लिहिला.

"त्याच्याखाली लिहा," सुमनबाई म्हणाली. "दोन मेले. तारीख टाका. कशानं मेले ते लिहा. अन् कोण कोण बघत उभं व्हतं, तेबी."

रेवती लिहीत राहिली. बराच वेळ लागला.

"वाचून दाखवा आता," सुमनबाई म्हणाली.