एक पाटा कमी

कुणाचीही गाडी दारात आली की सदाकाका आधी तिच्या मागे जाऊन उभे राहत. मान कलती करून बघत आणि मगच गाडीवाल्याला रामराम घालत. मागे ओझं जास्त होऊन गाडीचं तोंड वर उचललं गेलं, की आमच्याकडे तिला उलार म्हणतात. काकांना उलार गाडी पाहवत नसे. सगळा जन्म बैलगाडीवर गेलेला.

लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली एक पिकअप त्यांनी घेतली आणि तिच्यामागे ट्रेलर जोडून मोर्शीहून अमरावतीला संत्री नेऊ लागले. मी शेजारी, माझ्याही टोपल्या त्यातच असत, म्हणून सोबत जाई. पिकअप मागून उंच, त्यामुळे ट्रेलरचं तोंड वर आणि बूड खाली. सगळा माल मागे सरके आणि तळची संत्री चेंदून जात. मुलगा, बापू, बाग ठेकेदाराला द्या म्हणून मागे लागला होता. काकांचं एकच, माह्या बागेचा माल मीच नेईन. साठी उलटलेली, गाडीतून कंबर धरून उतरत, पण विचारलं तर म्हणत, "काई नाई झालं मले."

शेवटी अमरावतीच्या मिस्त्रीने पिकअपच्या मागच्या चाकांवरच्या दोन्ही कमानींतला, म्हणजे एकावर एक पाटे रचलेल्या स्प्रिंगांतला, एकेक पाटा काढला. पिकअप मागून खाली बसली, ट्रेलर सरळ झाला. कमानी आता कमजोर झाल्यात, पिकअपमध्ये माल भरायचा नाही, असं मिस्त्रीने बजावलं. काकांनी मान डोलावली. त्या खेपेला एक संत्रं फुटलं नाही, आणि काकांनी कधी नव्हे तो बाजारात सगळ्यांना चहा पाजला.

पुढच्या खेपेला नाल्याचा चढ आला. चढावर ओझं पुढे घ्यायचं, हे बैलगाडीचं शास्त्र. काकांनी गाडी थांबवून ट्रेलरमधल्या टोपल्या पिकअपमध्ये रचल्या. मी मिस्त्रीची आठवण दिली, तर म्हणाले, "हा चढ त्यानं पायला का?" निम्म्या चढावर कमान तुटली.

निरोप गेल्यावर बापू सायकलवर आला. भांडायच्या तयारीनेच आला होता, पण बापाचा चेहरा पाहून सायकल टेकवून शेजारी उभा राहिला. काका तुटक्या पाट्यावरून हात फिरवत बसले होते.

"बैल दमला का बसते. या लोखंडाले सांगताच येत नाई," ते म्हणाले. मग मुलाकडे पाहून, "बापू, मी बी दमलो. बाग देऊन टाक."

बापूने हात दिला. काका तो धरून उठले. मला फार वाईट वाटलं.

काकांच्या घरी येऊन मी काकूंना सांगितलं, तर त्या चुलीपुढून उठल्याही नाहीत. म्हणाल्या, "दमले तं कवाचेच होते. म्हनतीन कवा, याचीच वाट पाहून राहिली होती मी."