कापलेल्या चौकोनातली बातमी

तुरुंगात बायकांना पेपर वाचून दाखवण्याचं काम मला मिळालं, ते दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. पनवेलमधली एक संस्था तिथल्या पुस्तकांच्या कपाटाची देखभाल करायची. मी इंग्रजी माध्यमातली. मराठी पेपर वाचताना जोडाक्षर आलं की मी अडखळायचे, आणि सगळी बराक एकदम हसायची. संस्थेनं दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. निरोप न्यायचे-आणायचे नाहीत आणि स्वतःच्या घराबद्दल काही बोलायचं नाही. दुसरी गोष्ट मला अगदी सोपी वाटली. मी तशीही कोणाशी फारसं बोलत नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं की मी कळंबोलीच्या बाजूनं येते (चपलांना लोखंडाच्या बाजाराची तांबूस धूळ होती), मला भाऊ नाही आणि माझं लग्न ठरलेलं नाही. मी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं.

"टीचर लाजली की समजायचं, बरोबर विचारलं," काकी म्हणायची.

काकी म्हणजे बराकीतली सगळ्यात जुनी, शिक्षा लागलेली बाई. बाहेरची प्रत्येक गोष्ट तिच्याकडून तपासून मगच खरी ठरायची. कोर्टाच्या तारखेहून परतलेल्या बाईला ती आधी आपल्याजवळ बसवायची. कोण भेटलं, कोणाचा वकील आला नव्हता, कोणाच्या घरचे उन्हात उभे होते, सगळं काढून घेतल्यावरच त्या बाईला पाणी मिळायचं. पण काकीची खरी हुशारी पेपरात होती. बराकीतल्या कोणाच्या केसची बातमी असली, तर ऑफिसातून ती कापूनच पेपर आत यायचा. काकी तो पेपर उजेडाकडे धरायची आणि भोक वाचायची. कुठल्या पानावर आहे, केवढं आहे, शेजारी काय छापलंय, यावरून कोणाचं काय झालं ते सांगायची. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

त्या वर्षी बराकीत पळस्प्याकडच्या एका गावातली आगरी बाई होती. जमिनीवरून दिरांशी झालेल्या मारामारीत आत आलेली. ती मारामारी पेपरात गाजली होती. तिच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. तिचं मागणं एकच.

"लगीन ऱ्हावदे, टीचर. माजे पोरीचे हलदीला मना जावाचा हाय. तिला हलद मीच लावनार."

जामिनाच्या सुनावणीचा दिवस आला, पण तिला कोर्टात नेलंच नाही. वकिलाचा पत्ता नव्हता. घरचे लग्नाच्या धावपळीत, मुलाखतीला, म्हणजे भेटीला, कोणी आलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी पेपर आला, तर आपल्या भागाच्या बातम्यांच्या पानावर खाली उजवीकडे एक चौकोनी भोक.

सोमवारी मी गेले, तोवर बराकीत निकाल लागलेला होता. काकीनं मला तो समजावून सांगितला. "जामीन नाकारला असता तर दोन ओळी. एवढा चौकोन म्हणजे फोटो. फोटो कोण छापतं? सुटलेल्या माणसाचा छापतात. आणि बघ, दुसऱ्या दिवशी पण भोक, तिसऱ्या दिवशी पण. गाजतंय बाईचं."

मग बाईनं रिवाजाप्रमाणे सामान वाटून टाकलं होतं. इथली वस्तू घरी नेली की माणूस परत येतं, असं बराकीत सगळ्या मानतात. चपला एकीला, चादर दुसरीला आणि तिची निळी बादली खुद्द काकीला. आता ती दुसऱ्यांच्या बादलीतून पाणी मागून घेत होती आणि सुटकेचा कागद कधी येतो याची वाट बघत होती.

"टीचर, तुमच्या घरी पेपर येतो ना? त्या चौकोनात काय होतं ते बघून ये," काकी म्हणाली. मी पेपराची घडी घालायला लागले. "येतो, येतो. कान लाल झाले."

छापलेली बातमी म्हणजे निरोप होतो का, याचा मी बसमध्ये बराच विचार केला. घरी मी इंग्रजी पेपर वाचते, मराठी आईचा, तुरुंगात येतो तोच. मी रद्दीतून त्या दिवसाचा अंक काढला. खाली उजवीकडे, अगदी त्याच जागी, तेवढंच चौकोनी भोक.

क्षणभर वाटलं, तुरुंगाची कात्री आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली.

"आई, हे कोणी कापलं?"

"मी. कूपन आहे. सगळी चिकटवून दिली की कॅसरोल मिळतो. तू हात लावू नकोस."

गुरुवारी मी सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, तरी मागच्या बायका पुढे सरकल्या. बाई भिंतीला टेकली आणि म्हणाली, "म्हंजे मी पेपरान नायच?"

"भोक मी बरोबरच वाचलं होतं," काकी म्हणाली. "कापणारी चुकली."

सगळ्यांच्या माना दारात बसलेल्या कॉन्स्टेबल मॅडमकडे वळल्या. ऑफिसातून पेपर आणायच्या त्याच. त्यांनी पदर नसताना पदर सारखा केल्यासारखं केलं.

"काय मॅडम, पोळ्या गरम राहतील ना?"

"आमचा जेवणाचा भत्ता पण ठेवा की त्यात!"

"गप बसा गं," मॅडम म्हणाल्या. पण त्या उठून बाईजवळ आल्या. "मला काय माहीत, तुम्ही भोकं वाचता? थांब, विचारते." कोर्टात कैदी नेणाऱ्या पोलिसांकडून त्यांनी त्याच दुपारी खरी बातमी आणली. जज्जसाहेब रजेवर होते. सुनावणी झालीच नव्हती. नवी तारीख हळदीच्या थोडी आधीची होती.

काकीनं उठून निळी बादली बाईच्या पुढ्यात ठेवली. काकीला काही परत करताना मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

मधला सोमवार चुकला, पुढच्या गुरुवारी गेले तर बाईची जागा रिकामी होती. मी विचारलं नाही. विचारायची गरज पडत नाही तिथं.

"सुटली," काकी म्हणाली. "मॅडमनी कागद दाखवला तरी पटेना. म्हणे, मना फाटकाच्या भायेर जाऊंदे, मंग बोला. आम्ही म्हटलं, बाई, बादली ठेवून जा, अपशकुन असतो. तर म्हणाली, एकदा देऊन बघितली, आता नाय. बादली घेऊनच गेली."

"आणि हळद?" माझ्या तोंडून निघून गेलं. त्या बराकीत मी स्वतःहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

काकीनं मला मुद्दाम ताटकळत ठेवलं. कालच तारखेवरून आलेल्या एकीला कोर्टात बाईच्या गावची एकजण भेटली होती. सगळं काढून घेतलेलं होतं.

"तिनंच लावली. आणि पोरीच्या आंघोळीचं पाणी कशात काढलं सांग?"

मी हसले.

"निळीच," काकी म्हणाली. "आता बस. आणि आधी ते पान दाखव, आज भोक कुठंय?"