नाल्याकडची ज्वारी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळही नाही. आता तुमच्याजवळ बोलते.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. पन्नास सालानंतरचे दिवस, सेलूजवळचं गाव. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. शेत सासरे, म्हणजे मामाजी पाहत. पाहत म्हणजे काय — दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शेतात जाऊन पाहायची मी, घरी येऊन सांगायची मीच.

त्या वर्षी ज्वारीत दाणा भरत होता आणि ऐन दिवाळीत तीन दिवस पाऊस लागला. भाऊबीजेला न्यायला समुद्रपूरकडून माझा भाऊ छकडा घेऊन आला होता. दोन वर्षं मी माहेर पाहिलं नव्हतं. निघायच्या सकाळी शेतात गेले, तर नाल्याकडच्या कणसांवर बुरशी — पांढुरकी, गुलाबी. दाणा दाबला तर पिठासारखा फुटला. अशी कणसं लगेच खुडून जाळायची, एवढं मला कळत होतं. पण त्याला घरातले सगळे हात लागले असते. माझेही. मग भाऊ एकटाच परतला असता, नाही का?

मामाजींनी ओट्यावरून विचारलं, "कणसं कशी हायेत, बाई?"

"चांगली हायेत, मामाजी."

"मंग जा. निवांत राह्यजो."

निवांतच राहिले — हे कसं नाकारू? आईच्या हातचं खाल्लं, बहिणींशी पोट दुखेस्तोवर हसले. दहा दिवसांत एक घास अडकला नाही.

परतले तेव्हा बुरशी अर्ध्या शेतात गेली होती. मामाजी एक कणीस बोटांनी चाचपत होते. दाण्याची भुकटी हाताला लागत होती. शेजाऱ्याला सांगत होते, "सुनेनं पाह्यलं तवा चांगली होती. बुरशी मांगून लागली." मी बाजूलाच उभी. तोंड उघडायला काय लागत होतं? — नाही उघडलं.

उपास पडला नाही. कापूस चांगला आला, ज्वारी विकत आणली. पण मामाजींनी शेतातून मन काढलं. नवऱ्याला म्हणाले, "मले आता इचारू नोको. सून माहेरी होती तवा मले बुरशी दिसली नाही, माह्या डोयांपायी पीक गेलं. तुही बायको सांगन तसं कर, तिची नजर चांगली हाये."

तेव्हापासून पेरणी-सोंगणीत माझा शब्द चालू लागला. तो मान मला आवडला. खोटं कशाला बोलू — माझं आयुष्य सुखाचं गेलं.

मामाजी चार वर्षांनी गेले. शेवटपर्यंत ते त्या पिकाचा दोष स्वतःच्या डोळ्यांना देत राहिले, आणि मी तो देऊ दिला.