फळ्यामागचं भाषण

“तू फळ्यामागं बस. ती अडली की हळूच सांगायचं, बराबर?” सर तांड्यावरच्या मुलीला बजावत होते. राष्ट्रगीताच्या इतिहासाचं भाषण सहावीच्या वर्गात फक्त तिलाच पाठ होतं. भाषण करणार होती संस्थेच्या अध्यक्षांची नात.

गोरेगाव नावाच्या छोट्या गावाजवळच्या त्या शाळेत मी नवीन शिक्षिका होते. हे सर ‘राष्ट्र’ शब्द उच्चारताना खुर्चीतून अर्धवट उठत आणि समोरच्यालाही उठवत. हा व्यायाम दिवसातून दहा वेळा चाले. सकाळी खरं राष्ट्रगीत सुरू असताना मात्र ते तंबाखू मळत ओळींतून फिरत आणि पोरांच्या कॉलरी ओढत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. “मॅडम, तुमाला काय कळून राहिलं देशप्रेम!” असं ते सगळ्यांसमोर म्हणत. मी वह्या तपासत राही.

कार्यक्रमात नात दुसऱ्याच वाक्याला अडली. फळ्यामागून वाक्य आलं, मग पुढचं, मग त्याच्याही पुढचं. नात नुसते ओठ हलवत राहिली. मागचा आवाज, कुणी थांबवलंच नाही म्हणून, शेवटच्या ‘जय हिंद’पर्यंत खणखणीत गेला.

सर्वांत आधी सरांनीच टाळ्या वाजवल्या. “काय लेकरू आहे साहेब, बराबर तुमच्यावर गेलं!” म्हणत त्यांनी बक्षिसाचा कंपासबॉक्स नातीला देण्यासाठी अध्यक्षांपुढे धरला.

तिपाईवरच्या फळ्याखालून दोन अनवाणी पावलं दिसत होती.  मी उठले.

“सर, बक्षीस फळ्यामागं द्या. भाषण तिथून झालं.”