तिसऱ्या कॅपवरचा चौथा ठिपका

गाडी दारात आली की रघुनाथ मिस्त्री ड्रायव्हरला रामराम घालायच्या आधी कानामागची पेन्सिल काढत. इंजिनावर कोरलेल्या नंबरावर कागदाचा चिटोरा ठेवायचा, पेन्सिल आडवी घासायची, की काळ्यात पांढरे आकडे उठत. फळीवरच्या बिस्किटाच्या डब्याच्या झाकणाला आतून एक जुना, पिवळा पडलेला ठसा चिकटवलेला होता. नवा ठसा त्याच्याशी एकेक आकडा करत ताडून बघायचा आणि म्हणायचं, "नाय. चांगलं हाय."

हे 'चांगलं हाय' इंजिनाला उद्देशून असतं, अशी माझी समजूत होती. काळा धूर ओकणाऱ्या खटाऱ्यालाही ते तेच म्हणायचे, तेव्हा मला हसू यायचं.

सातपूरला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. माझ्या यजमानांची पाठ धरली आणि आमच्या एकुलत्या एक ट्रकचं बघणं माझ्याकडे आलं, तेव्हा मी तिथे जायला लागले. बाईमाणूस गॅरेजात बघून बाकीचे मिस्त्री माझ्याशी मोठ्याने आणि हळूहळू बोलत, जणू मला ऐकू कमी येतं. रघुनाथ मिस्त्रींनी, म्हणजे सगळ्यांच्या नानांनी, मात्र स्टूल पुसून पुढे केलं. "बसा ताई. हितं डोळ्यांदेखत बसलात म्हंजे कुणी फसवणार नाय. मी बी नाय."

सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात आमच्या ट्रकने मान टाकली. कसाऱ्याचा घाट चढताना तो बैलगाडीच्या चालीने चाले आणि डिझेलपेक्षा ऑइल जास्त पिई. नाना म्हणाले, "खोलून बांधू. सिलिंडरचं बोअर घासून अजून एकदा निघंल. शेवटचं." पण बांधायला तीन आठवडे लागणार होते. तेवढे दिवस ट्रक उभा राहिला तर कारखान्याचं काम दुसऱ्याला गेलं असतं, आणि आमची चूल त्या कामावर होती. यजमानांनी घरी पडल्या पडल्या फर्मान काढलं, "भंगारातून चांगलं इंजिन घे आणि बदलून टाक."

नानांना इंजिन बदलणं आवडत नसे. "बदलायचं म्हंजे कुणाचं तरी संपलेलं आपल्या घरी आणायचं. कुणाचं, ते इचारून आणावं." मी म्हटलं, नाना, भंगारवाला काय वंशावळ देणार आहे का? ते हसले नाहीत.

इंजिन आलं त्या दुपारी वीज गेली होती. शेजारचे लेथ बंद, सगळी गल्ली गप्प. लाकडी ओंडक्यांवर ते काळं धूड ठेवून टेम्पोवाला निघून गेला. नानांनी पेन्सिल काढली, ठसा घेतला, झाकणाशी ताडला. नंबर जुळत नव्हता. मी 'चांगलं हाय'ची वाट बघत बसले, पण ते आकड्यांवरून अंगठा फिरवत राहिले.

"लोखंड जुनं हाय ताई," शेवटी म्हणाले. "आकडे लय कोवळे हायेत. जुने घासून वर नवे कोरलेत."

त्यांनी इंजिन आडवं करून खालचा ऑइलचा चेंबर खोलला. आत क्रँकला धरून ठेवणाऱ्या कॅपा एका ओळीत दिसायला लागल्या. कुठली कॅप कुठली हे कळावं म्हणून मिस्त्री त्यांच्यावर पंचाच्या टोकदार सळीने ठिपके ठोकतात: पहिलीवर एक, दुसरीवर दोन. नाना फडक्याने एकेक पुसत होते. मध्येच त्यांनी झटकन मागे वळून म्हटलं, "हां, आलो!"

मागे कुणी नव्हतं. रस्त्यावर ऊन आणि रिकामा हातगाडा, एवढंच.

"तुम्ही हाक मारली?" त्यांनी मला विचारलं.

"नाही नाना."

"नाय. बाप्याचा आवाज होता." आणि तिसरी कॅप पुसता पुसता त्यांचा हात थांबला. तिच्यावर चार ठिपके होते. तीन सरळ ओळीत, चौथा तिरका, घसरलेला.

ते जमिनीवरच बसले. मग मला कळलं, की त्यांचा धाकटा भाऊ देवराम सहा वर्षांपूर्वी सुरगाण्याकडून गुजरातेत ट्रक घेऊन गेला तो परत आला नाही. ना माणूस सापडला, ना गाडी. त्या गाडीचं इंजिन नानांनी स्वतः बांधलं होतं, आणि डब्याच्या झाकणावरचा ठसा त्याच्याच नंबराचा होता. "तिसऱ्या कॅपवर ठोकत होतो. देवरामनं मागनं हाक मारली. मी वळलो, अन् हातातली हातोडी पडली ती पंचावर. चौथा ठिपका त्याचा हाय."

म्हणजे ते ज्याला चांगलं म्हणायचे ते हे. नंबर जुळला नाही, म्हणजे देवराम कुठेतरी गाडी हाकतो आहे. इतकी वर्षं मी त्याला हसत होते, याची मला फार लाज वाटली.

दोन दिवस नाना भंगारवाल्यांकडे फिरले. पहिल्याने दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं, तिसरा गाव सोडून गेलेला. मी म्हटलं, पोलिसांत सांगा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सांगीन. पण मंग गावाला त्याच्या बायकोला, हिराला बी सांगावं लागंल. ती अजून कुंकू लावती, ताई. मी तिचं कुंकू पुसू का?"

मी एवढंच म्हणाले, आमचंच इंजिन बांधा. तीन आठवडे ट्रक उभा राहिला, कारखान्याचं काम गेलं, यजमान महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मी कारण सांगितलं नाही. वर्षभर भाकरीबरोबर भाजी रोज नसायची, पण नानांनी बांधलेलं ते इंजिन पुढे नऊ वर्षं चाललं.

ते दुसरं धूड गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली राहिलं. नाना त्याच्याकडे पाठ करून कधी बसले नाहीत. आणि दारात आलेल्या प्रत्येक गाडीचा ठसा घेणं त्यांनी थांबवलं नाही. ताडून बघत आणि म्हणत, "नाय. चांगलं हाय." गावाकडचं कुणी ना कुणी गॅरेजात येऊन जायचं आणि तिकडे हिराबाईला सांगायचं, नाना अजून शोधतात. मी ते ऐकायचे आणि मान खाली घालायचे.

नाना गेले ते झोपेत. दहाव्यानंतर गॅरेज रिकामं करायचं होतं, मी मदतीला गेले होते, तेव्हा हिराबाई आली. बारीक चणीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती सरळ कोपऱ्यात गेली आणि तिने ताडपत्री उचलली.

"ह्याचा ठसा घेतला व्हता नानांनी?"

"घेतला होता."

"माझ्यासमोर घ्या."

मी फळीवरची पेन्सिल घेतली. चिटोरा ठेवून ठसा उठवला. झाकणावरच्या ठशाशी आकडे ताडले, एकेक करत, नाना ताडायचे तसे. "नाही जुळत, हिराबाई," मी म्हणाले. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. ताडपत्री नीट झाकली, पिशवी उचलली आणि दारापर्यंत गेली. तिथे ती थबकली आणि झटकन मागे वळली.

"तुम्ही हाक मारली का मला?"

गॅरेजात आम्ही दोघीच होतो.

"हो," मी म्हणाले. "मीच मारली."