झिऱ्यावरची सभा

आमची ग्रामपंचायत गटाची. सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव, वर डोंगरात कोरकूंच्या दोन वाड्या. खाली वऱ्हाडी बोलायचे, वर कोरकू. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, आणि पंचायतीत बाई घ्यायचीच असा नियम आला. सरपंच माझे चुलत भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ. भासऱ्यासमोर सून तोंड उघडत नाही, म्हणूनच त्यांनी मला घेतलं. डोकं पाहा माणसाचं!

एक विहीर मंजूर झाली. वरच्या बायका नाल्याच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरत होत्या, आणि सरपंचांना विहीर हवी होती स्वतःच्या संत्र्याच्या बागेजवळ. वरचे लोक सभेत बोलू लागले, तर सरपंच म्हणतात, "मराठीत बोला, हा महाराष्ट्र हाय." बिचारे परत खाली बसले.

माझे वडील जंगलखात्यात नाकेदार होते. कोरकू लेकरांत खेळतच मी वाढले, मला सगळं कळत होतं. भासऱ्यांशी थेट बोलता येत नाही, तेव्हा आमच्यात बाया खांबाकडं पाहून बोलतात. मी पदर ओढून खांबाला म्हटलं, "त्याइले काय म्हनाचं हाय ते मले समजते."

सरपंच हसले. "बोलू द्या तिले. खांबाशी बोलून राह्यली."

सगळी सभा हसली. माझं टाळकं असं सणकलं! सही न करता उठून आले. निम्मे सभासद लग्नाला वरवट बकालला गेलेले, माझ्यावाचून कोरम भरेना. ठराव वेळेत गेला नाही तर मंजुरी परत जाणार होती. दुसऱ्या दिवशी कोतवाल बोलवायला आला. मी सांगितलं, "सभा घ्याची असन तं वर झिऱ्यावर घ्या. मी चालली."

आले की! भर दुपारी, घामाघूम, सचिवाला आणि उरलेल्या सभासदांना घेऊन. आल्याआल्या सरपंचांनी पाणी मागितलं. झिऱ्यावरची म्हातारी कोरकूत काही बोलली. सचिवाला कळेना, सरपंचांना कळेना. शेवटी माझ्याकडं वळावं लागलं. तिथं खांब कुठला? मी पदर मागं सारला आणि सरळ त्यांच्या तोंडाकडं पाहून म्हटलं, "बुढी म्हनते, पानी देतो, पन नंबरानं. पुढं बाया हायेत. बसा."

गुमान बसले. एकेक वाटी भरायला किती वेळ लागतो ते बघत बसले. ऊन कललं तेव्हा अर्धा तांब्या गढूळ पाणी हाती आलं. ते प्यायले आणि कुणाकडंही न पाहता सचिवाला म्हणाले, "विहीर वर लिहा."

घरी सासूबाई दारातच. "भासऱ्याच्या डोळ्याले डोळा भिडवला! बेशरम!" भाऊबंदांनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. विहिरीला पाणी लागलं, तर नारळ फोडायला सरपंचच पुढं, आणि मला साधा निरोप नाही. मी लुगडं बदललं आणि निघाले.

ओट्यावरून सासूबाई ओरडल्या, "कोनतं तोंड घेऊन चालली वं?"

"हेच," म्हटलं. "यानंच पानी आनलं."