टेबलावर उत्तर न देणारा माणूस

एप्रिलची अठरा तारीख, शनिवार. सकाळपासून मी शिरूरहून परत आलेले दह्याचे कप उघडत होते. फॉइल काढायचं, कप तिरका धरायचा, वर साचलेलं पाणी काचेच्या ग्लासात ओतायचं, पुढचा कप घ्यायचा. चांगल्या दह्यावरही पाण्याचा एखादा थेंब असतो. इथे ग्लास भरत आला होता.

मी वरवंडजवळच्या एका खाजगी डेअरीची प्लांट मॅनेजर आहे. दूध येण्यापासून गाडी भरून जाण्यापर्यंत जे काही बिघडतं ते माझ्या टेबलावर येतं. त्या सकाळी शिरूरचे डीलर पोपटशेठ फोनवर होते.

"मॅडम, दही पाठवलंय का ताक? काय ते एकदा ठरवा, म्हंजी तसा बोर्ड लावतो."

"शेठ, बघतेय मी."

"तुम्ही बघा. गिऱ्हाईक बी बघतंय. सोमवारी मी दुसऱ्याची गाडी बोलावनार हाय. आधी सांगून ठेवतो, मागनं बोलू नका."

दह्याला पाणी सुटलं म्हणजे ते नासलेलं नसतं. खाल्लं तरी बाधत नाही. पण फॉइल काढल्यावर वर पाणी तरंगताना दिसलं की गिऱ्हाईक तो कप परत आणून देतं आणि पुन्हा आपला ब्रँड घेत नाही. ऐन उन्हाळ्यात शिरूरसारखं गाव हातातून गेलं तर ते परत मिळत नाही.

दुपारी आमचे मालक आप्पा आले. सोबत त्यांचा पुतण्या किरण, तो सेल्स बघतो. मीटिंगला प्रॉडक्शनचे शिंदे होते आणि क्वालिटी इन्चार्ज नवनाथ. नवनाथ मूळचा निमोण्याचा, बी.टेक. झालेला, चाळिशीच्या आतला. मुलीच्या शाळेसाठी नुकतंच बिऱ्हाड दौंडला आणलेलं.

आप्पांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "नवनाथ, पानी का सुटतंय?"

"आज न्हाई सांगता येणार आप्पा. बघावं लागंल."

"बघायला काय लग्नाचं स्थळ हाय का?"

किरण हसला. "आप्पा, म्हणून तर पोरं यांना उद्यासाहेब म्हणतात. काहीही विचारा, उत्तर एकच. उद्या सांगतो."

शिंदेंनी मध्येच तोंड घातलं. "आप्पा, माझं ऐका. शिरूरच्या रस्त्याचं काम चाललंय. गाडी आपटत जाते. दही फुटतंय त्यानं."

शिंदे असेच आहेत. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. याची चेष्टा करू नये. मागे पाश्चरायझर चालू असताना बॉयलर बंद पडला, तेव्हा मी फोन शोधेपर्यंत त्यांनी दूध दुसऱ्या टाकीकडे वळवलं होतं. तिथे विचार करत बसणारा माणूस असता तर टाकीभर दूध गेलं असतं. पण रस्त्याचं त्यांचं उत्तर मला पटेना. थंड होऊन नीट बसलेलं दही एवढ्यातेवढ्यानं फुटत नाही.

किरण मुद्द्यावर आला. "आप्पा, मी एका माणसाशी बोललोय. क्वालिटीचाच हाय. सोमवारपासून येतो म्हणतो. यांना कलेक्शनला टाका, दुधाची फॅट बघत बसतील."

म्हणजे नवनाथची खुर्ची जाणार होती, आणि तेही त्याच्या समोर ठरत होतं. मी बोलायला तोंड उघडलं, पण नवनाथच आधी बोलला. आवाज चढवला नाही.

"आप्पा, मागच्या बारीला तुम्ही इथंच, याच टेबलावर मला विचारलं. लगेच सांग म्हणालात. मी म्हणालो, विरजणाचं कल्चर खराब हाय. आपण कल्चर बदललं. पानी थांबलं का?"

"न्हाई थांबलं. म्हणून तर बसलोय."

"ते उत्तर नव्हतं आप्पा. मी माझी सुटका करून घेतली व्हती. मला टेबलावर बरोबर सुचत न्हाई. कुणी घाई केली की तोंडाला येईल ते बोलतो. पण काम चालू असताना माझ्या डोळ्यांनी बघितलं आन् त्यावर एक झोप झाली, की सकाळी मला दिसतं. आज संध्याकाळपर्यंत मला बघू द्या. उद्या सकाळी सांगतो. न्हाई सांगितलं तर त्या मानसाला खुशाल बसवा माझ्या खुर्चीवर."

आप्पांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तूच म्हनतोयस हां."

"व्हय, मीच."

मी पुष्कळ इंटरव्ह्यू घेतले आहेत. झाडून सगळे उमेदवार सांगतात, 'आय वर्क वेल अंडर प्रेशर.' नवनाथला मी विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "मॅडम, मला प्रेशरमध्ये काही येत नाही. त्याच्या आधी आणि नंतर येतं." मी त्याला तेवढ्यासाठीच घेतलं. आपलं डोकं कसं चालतं हे माहीत असलेली माणसं थोडी. नोकरी जायची वेळ आली असताना मालकासमोर ते सांगणारा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मीटिंग संपली. मी कामं वाटली. शिंदेंकडे आजचं काम: संशयाचा माल बाजूला काढायचा, गाड्यांचा क्रम बदलायचा, शिरूरला बदली माल पाठवायचा. हे सांगून होईपर्यंत शिंदे दाराबाहेर होते. नवनाथला विचारलं, "तुला काय लागेल?"

"रोजच्यासारखी फुल बॅच चालू द्या. आणि हा फोन तुमच्याकडं ठेवा."

त्याचा फोन मी ड्रॉवरमध्ये टाकला. तो संध्याकाळपर्यंत तिथेच वाजत राहिला.

आता थोडं दह्याविषयी. कपातलं दही कपातच लागतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कोमट दुधात आम्ही विरजण मिसळतो, प्लांटमध्ये त्याला कल्चर म्हणतात. ते पातळ असतानाच कपात भरतो आणि वर फॉइल चिकटवतो. कपांचे क्रेट चाकांच्या ट्रॉलीवर रचून ट्रॉल्या एका उबदार खोलीत ढकलतो. आमच्याकडे तिला गरम रूम म्हणतात. काही तासांनी दही लागतं. लागलं की ट्रॉली तडक थंड खोलीत न्यायची. उशीर झाला तर दही आंबट होतं. म्हणून जी ट्रॉली आधी आत गेली ती आधी बाहेर आली पाहिजे, हा आमचा पक्का नियम. तो मीच भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून घेतला आहे.

नवनाथ एक रिकामा क्रेट उपडा टाकून गरम रूमच्या दारासमोर बसला. हातात काही नाही. ट्रॉल्या आत जात होत्या, बाहेर येत होत्या, हा बघत होता. किरण दोनदा तिथून गेला.

"काय, पिक्चर लागलाय का हितं?"

नवनाथने मान वर केली नाही.

खरं सांगायचं तर मलाही ते बघवत नव्हतं. माझा स्वभाव वेगळा. मला बोलता बोलता सुचतं. चार जणांना विचारते, दोघांशी वाद घालते, फोनवर असतानाच निर्णय होतो. गप्प बसलेला माणूस पाहिला की मला वाटतं त्याला ढोसावं. तीनदा मी त्या बाजूला निघाले आणि तीनदा परत फिरले. माझ्या पद्धतीनं त्याला चालवायला गेले असते तर पुन्हा एकदा 'कल्चर खराब' ऐकायला मिळालं असतं.

संध्याकाळी निघताना त्याने एकच गोष्ट विचारली. "मॅडम, दौंडहून एकतरी तक्रार आली का?"

"नाही."

"दूध तेच, कल्चर तेच. दौंडची गाडी आधी भरते, शिरूरची शेवटी. बरोबर?"

"बरोबर. मग?"

"मग काही नाही. झोपून बघतो." फोन घेऊन तो गेला.

रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा नवनाथ गरम रूमपाशी उभा होता. आप्पाही आले होते. सुट्टीच्या दिवशी ते सहसा येत नाहीत. किरण आणि शिंदेही होते.

"मॅडम, घरी विरजण लावल्यावर तुम्ही भांडं हलवता का?" नवनाथने विचारलं.

"नाही. कुणीच हलवत नाही."

"आपण हलवतो."

त्याने दार उघडून दाखवलं. खोलीला वापरातलं दार एकच. पहिली ट्रॉली आत गेली की ती पार मागच्या भिंतीला लागते. तिच्यापुढे दुसरी, मग तिसरी, अशा दारापर्यंत. थंडीत मागणी कमी असते, तेव्हा मधून वाट राहते. उन्हाळ्यात खोली दारापर्यंत ठासून भरते. आधी लागतं ते मागचं दही. ते बाहेर काढायचं तर पुढच्या ट्रॉल्या हटवायला हव्यात. मग पोरं त्या बाहेर पॅसेजमध्ये ओढतात, गटाराच्या जाळीवरून खडखडत, मागची ट्रॉली काढतात आणि पुढच्या पुन्हा आत ढकलतात. त्या पुढच्या ट्रॉल्यांमधलं दही तेव्हा अर्धवट लागलेलं असतं. तिथेच ते मोडतं. पुन्हा वरवर लागतं, पण पाणी धरून ठेवत नाही. मागच्या ट्रॉल्या दौंडला जातात. पुढच्या, दोनतीनदा हलवलेल्या, शिरूरला.

ट्रॉलीवर काम करणारा रामसेवक शेजारीच होता. मी विचारलं, "रोज ऐसा करते हो?"

"मैडम, पीछेवाला पहले निकालने का नियम है ना. तो आगेवाला तो हटाना ही पड़ेगा."

त्याचं काही चुकलेलं नव्हतं. तो माझाच नियम पाळत होता. आणि आम्ही सगळे तिथून दिवसातून कितीदा जात होतो. ट्रॉली बाजूला करणं हे कुणाला काम वाटतच नव्हतं. नुसती जागा करून देणं, त्यात काय बघायचं? बघायचं ते फक्त एकाने बघितलं, आणि त्यासाठी त्याला अख्खी दुपार उपड्या क्रेटवर बसावं लागलं.

आप्पा म्हणाले, "आरं, माझी म्हातारी विरजणाच्या भांड्याला हात लावला तर हातावर मारायची. आन् आपण गाडा भरून वढतोय व्हय?" मग त्यांनीच विचारलं, "पर हे खरं कशावरनं?"

हा प्रश्न योग्य होता. नवनाथने त्याचीही तयारी करून ठेवली होती. एकाच बॅचच्या दोन ट्रॉल्या. एक दही लागेपर्यंत जागची हलवायची नाही. दुसरी मध्येच जाळीवरून बाहेर काढून परत आत लावायची. दोन्ही रात्रभर थंड खोलीत ठेवून सोमवारी उघडायच्या.

उपाय शोधायला मात्र झोपेची गरज पडली नाही. तो शिंदेंनी उभ्याउभ्याच सांगितला. "मॅडम, या खोलीला मागं दार हाय की! पुढनं घाला, मागनं काढा. ट्रॉली हलवायची गरजच न्हाई."

दार होतं. बाहेरून त्याला किरणचे जाहिरातीचे बोर्ड आणि एक बंद पडलेला डिस्प्ले फ्रीज टेकवून ठेवलेला होता. आप्पांनी किरणकडे बघितलं.

"बघतो काय? उचल."

"आप्पा, मी?"

"मग काय मी उचलू या वयात?"

किरणने बोर्ड उचलले. फ्रीजला रामसेवकने हात लावला. दुपारची बॅच पुढच्या दाराने आत गेली आणि मागच्या दाराने बाहेर आली.

सोमवारी पहाटे आप्पांनी स्वतः कप उघडले. न हलवलेल्या ट्रॉलीतले कप कोरडे होते. दुसऱ्या ट्रॉलीतल्या पहिल्याच कपात बोटभर पाणी. पुढचे त्यांनी उघडलेच नाहीत. रुमालाला पुसलेला हात त्यांनी नवनाथच्या खांद्यावर ठेवला आणि किरणला म्हणाले, "त्या तुझ्या मानसाला कळव, जागा न्हाई म्हणून." आप्पांकडून कौतुक एवढंच मिळतं. नवनाथ त्यावर हसला, आणि सॅम्पल घ्यायला निघून गेला.

त्यानंतर मी मीटिंगची पद्धत बदलली. आत्ता काय करायचं, हे शिंदे सांगतात आणि लगेच सांगतात. हे का झालं, हे नवनाथला कुणी टेबलावर विचारायचं नाही. विचारायचं झालं तर सुट्टी होताना विचारायचं आणि सकाळी उत्तर घ्यायचं. एका पद्धतीचा माणूस दुसऱ्या पद्धतीने वापरला की चांगला माणूस बिनकामाचा दिसतो, आणि दोष आपण माणसाला देतो. नवनाथचं मोठेपण मला यात वाटतं की मी हे ओळखायची वाट त्याने बघितली नाही. स्वतःचं काम कसं होतं ते त्याला ठाऊक होतं, ते त्याने मागून घेतलं आणि मग करून दाखवलं.

त्या सोमवारी सकाळी, कप उघडून झाल्यावर, मी नव्या बॅचचा एक क्रेट बर्फात ठेवून गाडीत टाकला आणि चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याने शिरूरला गेले. नवनाथला नेलं नाही. डीलरशी बोलणं हे माझं काम. पोपटशेठ दुकान उघडतच होते. दुसऱ्या कंपनीच्या गाडीची वाट बघत असल्याचं त्यांनी लपवलंही नाही. मी काउंटरवर एक कप ठेवला, फॉइल काढलं आणि कप त्यांच्या तळहातावर उलटा धरला. दही जागचं हललं नाही, पाणीही गळलं नाही. शेठनी कप सरळ केला, काउंटरवरचा चमचा घेतला आणि उभ्यानेच अर्धा कप संपवला.

"आज माल किती देता?" त्यांनी विचारलं. "दुपारच्या आत पाहिजे."

मी लगेच फोन लावला. शिंदेंना. घाईचं काम होतं.